कोळशाचा जावई, उन्हाचा जावई

बॉयलर हाउसमधली राख रोज उचलली जाते. सकाळी ट्रॉली येते, संध्याकाळी ट्रॉली येते. किस्से मात्र कोणी उचलत नाही, ते आमच्या बाकाखाली साचत राहतात. तारापूर एमआयडीसीत कापड रंगवायची एक फॅक्टरी आहे, तिथे मी बॉयलर इन्चार्ज. म्हणजे वाफ माझ्या ताब्यात! वाफ नाही तर रंग चढत नाही, रंग चढला नाही तर कापड जात नाही, आणि कापड गेलं नाही तर शेठची गाडीसुद्धा गेटच्या बाहेर जात नाही. शिवाय अख्ख्या फॅक्टरीत सगळ्यात आधी चहा उकळतो तो आमच्याकडे. वाफेच्या पाइपवर किटली ठेवली की झालं. त्यामुळे ज्याला थोडा वेळ असतो तो आमच्या बाकावर येऊन बसतो, आणि बसला की बोलतो.

या बाकावर नेहमीचे आम्ही तिघं. एक मी, दिवाकर. दुसरा आमचा फायरमन यादव, बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा, बनारसकडचा माणूस, बोईसरमध्ये राहून राहून मराठी सगळी समजते पण बोलतो हिंदीच. आणि तिसरा हेमंत. हा हेमंत कोण म्हणाल, तर माझा साडू! माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आधी पालघरला पंखे दुरुस्त करायचा, आता छपरावर सोलर बसवतो.

मला त्याचा हेवा वाटतो. सरळच सांगतो, उगाच आडून आडून कशाला!

*

आमची सासुरवाडी शिरगावची. दारात समुद्र, घरात मासळी. मी थोरला जावई. हेमंत या घरात यायच्या आधीपासून पापलेटचा मधला तुकडा माझ्या ताटात पडायचा. सासूबाई स्वतः वाढायच्या. त्यावर माझा हक्क आहे असं मी कधी म्हणालो नाही, कारण म्हणायची वेळच आली नव्हती.

मग हेमंतने सासऱ्यांच्या गच्चीवर सोलर बसवलं. विजेचं बिल पार खाली आलं. सासूबाई ते बिल शेजारणीला दाखवून आल्या, समोरच्या घरात दाखवून आल्या, मासळी बाजारातसुद्धा घेऊन गेल्या म्हणतात.

पुढच्या वेळी आम्ही दोघं जावई जेवायला बसलो. मधला तुकडा निघाला आणि माझ्या ताटावरून सरळ पुढे गेला. हेमंतच्या ताटात! माझ्या ताटात आली शेपटी.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या प्रेमाने म्हणाल्या, "तुमी तर आता घरचेच हाव, दिवाकरराव!"

इतकी वर्षं मी त्यांचा पाहुणा होतो म्हणून सुखी होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

*

हेमंतने मग आमच्या शेठकडे वशिला लावला. वशिला म्हणजे मीच! "दादा, नुसती ओळख करून द्या," म्हणाला. बायकोने डोळे वटारले, मग दिली करून.

शेठ केबिनमध्ये बसलेले. हेमंतने मोबाइल काढला. "शेठ, हे बघा. शिरगावला माझ्या सासऱ्यांच्या घरी आत्ता या क्षणाला किती वीज तयार होतेय, ते इथे बसून दिसतं. लाइव्ह!" शेठ पुढे वाकले. मोबाइल हातात घेतला. त्यावर एक हिरवी रेघ होती, ती झकास वर चढत होती. मी उगाच खिडकीबाहेर बघायला लागलो.

तेवढ्यात रेघ खाली आली. मग आणखी खाली. बाहेर ऊन रणरणत होतं, ढगाचं नाव नाही, आणि रेघ आपली तळाला जाऊन झोपली!

शेठ म्हणाले, "तिकडे रात झाली काय?"

हेमंतला घाम फुटला. त्याने सासूबाईंना फोन लावला, घाईत स्पीकरवर. "आई, गच्चीवर काय झालंय बघा ना जरा!"

"काय नाय झालं," सासूबाईंचा खणखणीत आवाज केबिनभर. "जवला टाकलाय वर सुकत. तुमची ती काच काय तापते ओ! खाली टाकला तर कुत्री येतात. जुनं जाळं अंथरलंय, त्यावर पसरलाय. घसरत नाय, काय नाय. दोन तासांत खडखडीत!"

शेठ पक्के शाकाहारी. कांदासुद्धा खात नाहीत. त्यांनी मला विचारलं, "दिवाकरभाई, जवला म्हणजे?"

मी अगदी आदराने सांगितलं, "बारीक कोळंबी, शेठ."

शेठने मोबाइल असा टेबलावर ठेवला, जणू तो जवला त्यातूनच बाहेर येणार होता! आणि उठून हात धुवायला गेले.

त्या दिवशी मी घरी गाणं गुणगुणत गेलो. दुसऱ्या दिवशी शेठने हेमंतला बोलावून सोलरचं काम दिलं. म्हणाले, "जो चीज मच्छी इतना जल्दी सुखाती है, वो बराबर गरम होती है!"

*

एक मात्र सांगायला हवं. या सगळ्यात माझा भूगोल सुधारला. मी कधी गुजरातच्या पलीकडे गेलेलो नाही. पण आमचा कोळसा इंडोनेशियाहून येतो, गॅस आखातातून येतो, कापड युरोपात जातं. जगात कुठेही खुट्ट झालं की आमच्या बाकावर चर्चा सुरू.

आमच्या समोरच्या फॅक्टरीने कोळशाचा बॉयलर भंगारात काढून गॅसचा आणला होता. तिथला इन्चार्ज पांढरा शर्ट घालून यायचा, पांढरा! आणि गेटवरून मला ओरडून विचारायचा, "काय दिवाकर, अजून राखेतच का?"

मग तिकडे दूर लढाई पेटली. गॅस एकदम महागला. समोरच्या फॅक्टरीचं चाक थंडावलं. आमचे शेठ बॉयलर हाउसमध्ये आले, कधी नव्हे ते बॉयलरवर हात फिरवला आणि हात भाजून घेतला. म्हणाले, "दिवाकरभाई, आपला कोळसाच बरा!"

मी बोईसर स्टेशनबाहेरून पेढे घेतले आणि घरी गेलो. बायको सुनंदा टीव्हीसमोर बसली होती. टीव्हीवर पडलेल्या इमारती, पळणारी माणसं, पोरांना कडेवर घेतलेल्या बाया.

"पेढे कसले?" तिने विचारलं.

मी कारण सांगितलं. सांगता सांगताच माझा आवाज बारीक झाला.

ती म्हणाली, "तिकडे माणसं मरतायत, आणि तुम्ही पेढे वाटताय?"

पेढ्यांचा बॉक्स फ्रिजमध्ये गेला. मला हात लावायची हिंमत होईना. रविवारी साडूसाहेब आले आणि गप्पा मारता मारता सगळे खाऊन गेले!

*

हेमंतचंही सगळं सरळ चाललं होतं असं नाही. त्याच्या सोलरचे इन्व्हर्टर चीनचे. तिकडून जहाज निघालं, इथे बंदरात आलं आणि अडकलं. सरकारने परदेशी मालाचा काही नवा नियम काढला होता, कागदपत्रं पुन्हा तपासायची होती. आमच्या छपरावर पॅनेल बसून तयार, पण वीज खाली आणणारं यंत्र बंदरात! हेमंत रोज येऊन आमच्या बाकावर बसायचा आणि फोन लावायचा.

मी त्याला चहा दिला आणि म्हणालो, "आमचं बघ. इंडोनेशिया कुठे, तारापूर कुठे! पण कोळसा कसा वेळेवर."

हे मी म्हणालो आणि त्याच आठवड्यात इंडोनेशियाच्या सरकारने कोळसा बाहेर पाठवणं थांबवलं! म्हणे आधी आमच्या घरचे दिवे, मग तुमचे. आमच्याकडचा ढीग उतरत चालला. मी दिवसातून दहादा जाऊन बघून यायचो, बघण्याने कोळसा वाढत असता तर किती बरं झालं असतं.

मग आम्ही दोघं साडू बाकावर शेजारी शेजारी बसून आपापल्या जहाजाच्या बातम्या मोबाइलवर बघायला लागलो. तो बंदरातल्या साहेबांना शिव्या घालायचा, मी इंडोनेशियाला.

यादव किटली घेऊन उभा होता. म्हणाला, "साहब, एक को बंदरगाह ने रोका, एक को इंडोनेशिया ने। चाय बोईसर की है, पी लो!"

*

गणपतीत सगळे शिरगावला जमलो. भर दुपारी वीज गेली. बाहेर कडक ऊन, घरात पाहुणे, पंखे बंद. सासूबाईंनी वर बघितलं, मग हेमंतकडे बघितलं.

"हेमंतराव, ऊन हाय. तुमच्या काचा हायत. मग पंखा का नाय?"

हेमंत समजवायला लागला, की बाहेरची लाइन गेली की सोलर आपोआप बंद होतं, नाहीतर आपली वीज तारेत शिरून खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसेल. बोलणं अगदी खरं होतं, मला माहीत होतं. पण मी कशाला मान डोलवू?

मी खुशीत भिंतीला टेकून बसलो. आज काय ते होऊन जाऊ दे! सासूबाई आत गेल्या आणि विणलेला हातपंखा घेऊन आल्या. म्हटलं, आता हा पंखा त्याच्या हातात देतील आणि म्हणतील, घाला वारा सगळ्यांना.

सासूबाई हेमंतच्या शेजारी बसल्या आणि त्यालाच वारा घालायला लागल्या. "किती घाम आला बिचाऱ्याला. लाइनमनचा पण विचार करतो हो माझा जावय!"

त्या वाऱ्यातली एक झुळूकसुद्धा माझ्यापर्यंत आली नाही.

*

मग युरोपातल्या मॅडम आल्या. आमचं कापड विकत घेणाऱ्या कंपनीच्या. त्यांच्याकडे आता नियम आलाय, कापड कशावर रंगवलं तेही बघायचं. तोवर आमचा कोळसाही सुटून आला होता, इन्व्हर्टरही येऊन बसले होते, छपरावर सोलर सुरू झालं होतं. मॅडम हेल्मेट घालून वर गेल्या. हेमंत त्यांना सगळं दाखवत होता, इंग्रजीत! पंखे दुरुस्त करणारा माणूस कधी इंग्रजी शिकला देव जाणे. वरून त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. मी खाली बॉयलरची पितळी पट्टी चौथ्यांदा पुसली.

शेवटी त्या बॉयलर हाउसमध्ये आल्या. मी छाती काढून उभा राहिलो. मॅडमनी कोळशाच्या ढिगाकडे बघितलं, आगीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. शेठने एकदम स्वतःची चप्पल बघायला सुरुवात केली.

"काय म्हणतायत?" मी हेमंतला विचारलं.

तो राखेकडे बघत म्हणाला, "दादा, मॅडम विचारतायत, हा बॉयलर बंद झाल्यावर तुम्ही काय करणार?"

बंद झाल्यावर! मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. शेठ विजेवर चालणारा बॉयलर आणायच्या विचारात आहेत, छपरावरची वीज आणि बाकीची विकतची, हे सगळ्यांना माहीत होतं. मॅडमना माहीत होतं. माझ्या साडूला माहीत होतं. एवढी वर्षं सकाळी उठून मी या बॉयलरचा आवाज ऐकायला येतो. वाफ विजेची झाली की बटण दाबलं, काम संपलं. त्याला इन्चार्ज कशाला आणि यादव तरी कशाला?

पण मॅडमसमोर रडायचं थोडंच? मी माझ्या इंग्रजीत म्हणालो, "मॅडम, फर्स्ट टी!"

यादवने कप दिला. मॅडमनी चहा पूर्ण संपवला. मग किटलीखालच्या पाइपकडे बोट दाखवून हेमंतला विचारलं, हा चहा पण कोळशावरचाच का?

हेमंत म्हणाला, "यस, मॅडम."

मॅडमनी रिकाम्या कपाकडे बघितलं. आमच्याकडे बघितलं. आणि कप पुढे करून म्हणाल्या, "वन मोअर?"

*

मॅडम गेल्यावर मी शेठच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, "शेठ, जे असेल ते तोंडावर सांगा."

शेठ पेपरवेट फिरवत बसले. त्यांचंही सोपं नव्हतं. मॅडम म्हणतात कोळसा नको. समोरच्या फॅक्टरीचं काय झालं तेही त्यांनी बघितलेलं. उद्या कुठे काय पेटेल, कोण कोणाचं जहाज अडवेल, कोण सांगणार!

"दिवाकरभाई," शेवटी म्हणाले, "खंडेनवमीला पैला नारळ ज्याचा, तो राहणार. मी तेव्हाच सांगेन."

आमच्याकडे खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा असते. पहिला नारळ बॉयलरचा, मग बाकीच्यांचे. मोठे शेठ होते तेव्हापासूनची ही रीत. फॅक्टरी ज्याच्यावर उभी, त्याला पहिला मान. बॉयलरच्या पायाशी एक काळा दगड रोवलेला आहे, त्यावर दरवर्षी मीच नारळ फोडत आलो. म्हणजे आता माझं सगळं त्या एका नारळावर आलं.

खंडेनवमी आली. आदल्या दिवशीच यादवने आणि मी बॉयलर घासूनपुसून, झेंडूची माळ घालून असा सजवला होता, की नवरदेव वाटावा. सगळे जमले. शेठ आले. ताटातला पहिला नारळ उचलला, माझ्याकडे न बघता म्हणाले, "चलो, ऊपर."

वर म्हणजे छपरावर. सोलरचा नारळ!

यादवने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो बाजूला केला आणि सगळ्यांबरोबर शिडी चढलो. घरी कशाला जाऊ? साडूचं कौतुक जवळून बघायला नको?

वर हेमंत नव्या कुर्त्यात. शेठने पॅनेलना हळदकुंकू लावलं, झेंडूचे लांब लांब हार घातले. हेमंतने हळूच मोबाइल बघितला आणि त्याचा चेहरा पडला. रेघ खाली! हारांची सावली पडत होती. "शेठ, हार जरा... कडेला घेऊ या?" शेठ म्हणाले, "देवाचा हार कडेला?" हार तिथेच राहिले.

मग नारळ. शेठने तो हेमंतच्या हातात दिला. हेमंतने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. फोडायचा कशावर? चहूकडे पत्रे आणि काचा. सिमेंट म्हणून कुठे नाही. त्याने पॅनेलच्या लोखंडी पायावर हळूच आपटला. नारळाला काही झालं नाही, वरची काच मात्र थरथरली.

"अरे, काच! काच!" शेठ ओरडले.

"पत्र्यावर फोडू?"

"पत्रा फाटेल! खाली कापड आहे!"

यादव म्हणाला, "शेठजी, पत्थर ऊपर ले आएँ?"

"तो रोवलेला आहे," मी म्हणालो. माझ्या तोंडातून निघालेला त्या दिवसाचा तो पहिला शब्द. गोड लागला.

सगळी वरात पुन्हा शिडीवरून खाली. पुढे शेठ, मागे नारळ घेऊन हेमंत, मागे आम्ही. बॉयलर हाउसमध्ये येऊन शेठ म्हणाले, "नारळ सोलरचा. फक्त फोडायचा इथे."

हेमंत काळ्या दगडासमोर उभा राहिला. नारळ त्याने छातीशी घट्ट आवळला होता. मला वाटलं होतं तो हसत असेल. तो हसत नव्हता. त्याच्याकडे गिऱ्हाईक म्हणून मोठी फॅक्टरी आमची एकच, ती गेली तर पुन्हा पालघरचे पंखे. तोही माझ्याइतकाच घाबरला होता, आणि त्या क्षणी मला त्याचा जरासुद्धा हेवा वाटला नाही. जरासाच वाटला.

त्याने नारळ माझ्यापुढे धरला. "दादा, तुम्हीच फोडा. तुमचा हात बसलाय."

मी शेठकडे बघितलं. शेठने मान हलवली. मी चपला काढल्या, बॉयलरला हात जोडले आणि नारळ आपटला. एका घावात दोन भकलं!

आतून असा वास सुटला की पुढचे सगळे मागे सरकले. नारळ नासका! पार काळा पडलेला.

बॉयलर तेवढा घुमत होता. शेठच्या कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं.

हेमंत हळूच म्हणाला, "दादा, दगड तुमचा होता."

मी म्हणालो, "नारळ तुझा होता."

"हात तुमचा होता!"

"नाव तुझं होतं!"

यादव ताटातून दुसरा नारळ घेऊन पुढे आला. अगदी साधेपणाने त्याने विचारलं, "शेठजी, अब ये किसके नाम का?"

शेठने नारळ घेतला. कानाशी धरून हलवून बघितला. आधी छपराकडे बघितलं, मग बॉयलरकडे, मग आम्हा दोघा साडूंकडे. आणि कोणाला काही न सांगता गाडीत जाऊन बसले.

गाडी गेटमधून बाहेर पडली तेव्हा आम्ही दोघांनी वाकून बघितलं. नारळ शेठच्या मांडीवर होता!